कोंबड्यांचं काय करणार?

हल्ली घरच्या घरी जातिवंत पिल्लं उबवायची हौस पुण्यातही बरीच दिसते. दहा-बारा अंड्यांचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, कडकनाथची फलित अंडीही मिळतात. आमच्या भाचेमंडळींनी मे महिन्याच्या सुट्टीसाठी हाच घाट घातलाय. म्हणून हे लिहितोय.

यात आनंद आहे, त्याबद्दल वाद नाही. तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवशी फिरवणं थांबवून ओलावा वाढवायचा आणि एकविसाव्या दिवशी आतून चोच लागते! मग पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंशांची ऊब द्यायची आणि ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत न्यायची. राणीखेतची लस वेळेवर द्यायची. हे सगळं शिकता येतं, आणि सगळे चर्चाही याचीच करतात.

जो प्रश्न कुणी विचारत नाही तो साधा आहे. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असणार. त्यांचं काय करणार?

कडकनाथचं पिल्लू नर की मादी हे घरी पहिल्या दिवशी ओळखता येत नाही. तुरा आणि चाल बघून अंदाज येईपर्यंत काही आठवडे जातात. तोवर पोरांनी नावं ठेवलेली असतात. आणखी काही आठवड्यांनी चिंटू पहाटे चार वाजता बांग देतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. फ्लॅटमध्ये तर कोंबडंही झाकलं जात नाही.

आपल्याकडे सरकारी योजनेत परसातल्या कुक्कुटपालनासाठी जो गट देतात, त्यात २५ तलंगा आणि ३ नर असतात. इतके नर पुरतात. निसर्ग मात्र २५ माद्यांमागे २५ नर देतो. उरलेल्या बावीसांचा हिशेब कुणीतरी कुठेतरी करतच असतो. अंड्यांच्या संकरित कोंबड्यांच्या धंद्यात तो पहिल्याच दिवशी होतो, नर पिल्लं मारून टाकतात. जर्मनीने यावर २०२२ पासून बंदी आणली.

जातिवंत पक्ष्यांचं बरं हे की त्यांच्या नराला किंमत आहे. कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला! अंड्यांच्या बाबतीत तो संकरित कोंबडीच्या जवळपासही जात नाही. झाबुआच्या भिल्ल-भिलाला घरांनी तो सांभाळला आणि खाल्लाही. शिवाय जात टिकवायची तर दहा नर वाढवून त्यातला एक उत्तम ठेवावा लागतो. उरलेले नऊ ताटात जातात. जातिवंत पैदास म्हणतात ती हीच. भावा-बहिणींचीच जोडी लावत गेलात तर दोन-चार पिढ्यांत अंडी नीट उबत नाहीत.

आमच्या घरात कुणी मांस खात नाही, म्हणून मला हे जास्त टोचतं. आमच्यासारख्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "गावाला देऊन टाकू." पण गावात प्रत्येक खुराड्यात एक कोंबडा आधीच असतो आणि तो दुसऱ्याला टिकू देत नाही. तेव्हा गावाला दिला याचा अर्थ बहुतेक वेळा सुरी दुसऱ्याच्या हातात दिली, एवढाच. त्यात गैर काही नाही, पण मग तसं म्हणावं, आणि पोरांनाही तसंच सांगावं. त्यांना ते पेलतं. पेलत नाही ते आपल्याला.

तेव्हा माझं मत असं. यंत्राचा प्लग लावायच्या आधी नर कुठे जाणार ते ठरवा. स्वतः खाणार, खाणाऱ्याला विकणार, की जन्मभर सांभाळणार? तिन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. यातलं एकही देता येत नसेल तर आठ-दहा आठवड्यांच्या दोन-तीन तलंगा आणा. खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करून बघा. अंडी मिळतील, पोरांना जीव लावायला पक्षी मिळतील. एकविसाव्या दिवसाची गंमत तेवढी हुकेल.

असो. भाचेमंडळींनो, उत्तर आधी द्या, यंत्राचं मग बघू.