मणक्याचे ऑपरेशन : थांबणे कोणाला परवडते?

कमरेतून पायात कळ जाऊ लागली आणि एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलेली दिसली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "मणक्याला हात लावू देऊ नका, माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो." दुसरा म्हणतो, "एकदाचे ऑपरेशन करून मोकळे व्हा." आवाज दोघांचाही मोठा, पुरावा कोणाजवळच नाही.

पुरावा हॉलंडमध्ये आहे. तेथील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेल्या २८३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. पहिल्यावर लवकर शस्त्रक्रिया. दुसऱ्याला औषधे, व्यायाम, आणि अगदीच न सोसल्यास शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटातील ३९ टक्के लोकांना वर्षभरात ती करावी लागलीच. पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. फरक एवढाच, की पहिल्या गटातील निम्मे रुग्ण ४ आठवड्यांत बरे झाले. दुसऱ्या गटाला तेथवर येण्यास १२ आठवडे लागले.

हा "एवढाच" शब्द मला खटकतो. पगारी रजा असलेल्या माणसाला (प्राध्यापकांनी राग मानू नये) आठ आठवडे म्हणजे थोडा जास्त त्रास. रविवार पेठेत पोती उचलणाऱ्या हमालाला तीच दोन महिन्यांची वाण्याची उधारी.

राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळू शकते. हमाल त्या योजनेत नाही. त्याच्याजवळ आयुष्मान कार्ड असले, तर ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. बाहेरून येऊन घेतलेला व्यायामोपचार आणि बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. म्हणजे कापण्याला पैसा आहे, थांबण्याला नाही. आणि ऑपरेशननंतर तरी दुसऱ्या दिवशी पोते कोठे उचलता येते? मग तो दोन्ही टाळतो, गोळी घेतो आणि पुन्हा ओझ्याखाली जातो.

लघवीवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र वाद घालत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इतरांच्या बाबतीत डॉक्टरांनी "किती दुखते?" याबरोबर "किती दिवस घरी बसू शकाल?" हेही विचारावे. आणि सरकारने ते दिवस ऑपरेशनइतकेच उपचार मानून त्यांची मजुरी द्यावी.