आधी ड्रायव्हरवर खर्च करा, मग गाडीवर



परवा दुकानात एक ओळखीचा मुलगा आला. होमस्टेचा धंदा बरा चाललाय त्याचा. म्हणाला, "दादा, ट्रॅक डेला जायचंय. लाखभर बाजूला काढलेत. गाडीत काय काय बदलू?"

मी विचारलं, "शिकायला किती ठेवलेत?"

गप्प झाला.

2020 मध्ये रो-रो सुरू झाली आणि भाऊच्या धक्क्यावरून मुंबईच्या भारी गाड्या तासाभरात मांडवा जेट्टीवर उतरायला लागल्या. त्या बघून आपल्या पोरांनाही वेगाची हौस येते. हौस वाईट नाही. पण ती मांडवा-अलिबाग रस्त्यावर भागवू नका. तिथे शाळेची मुलं चालतात, गुरं आडवी येतात. वेग हवा तर ट्रॅकवर जा, आणि ट्रॅकवर जायच्या आधी शिका. माझं मत स्पष्ट आहे.

कारण सांगतो. ताशी 50 ऐवजी 100 ने जात असाल, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. टायरची पकडही मोजकीच असते. सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळायला उरत नाही. म्हणून ट्रॅकवर पहिला धडा हाच असतो: ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. नजर वळणाच्या पुढे. स्टिअरिंगला झटका नाही. चाकं सरळ होतील तसा ॲक्सिलरेटर वाढवायचा. हे अंगात मुरलं नसेल तर जास्त पॉवर म्हणजे फक्त जास्त वेगात केलेली चूक.

पुण्याच्या डायना पुंडोले बघा. महिलांसाठीच्या एका प्रशिक्षण कार्यक्रमातून त्या 2018 मध्ये रेसिंगकडे आल्या. राष्ट्रीय विजेतेपद 2024 मध्ये मिळालं. मधली वर्षं शिकण्यात गेली.

आता धंद्याचा हिशोब. टायर आणि ब्रेक पॅड ट्रॅकवर झपाट्याने झिजतात. शिवाय आपल्या नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. स्वतःची पॉलिसी काढून वाचा. या मुलाची तीच गाडी जेट्टीवरून गेस्ट आणते. रविवारी ट्रॅकवर ठोकली, तर दुरुस्ती गल्ल्यातून आणि सोमवारी गेस्टसाठी रिक्षा शोधा!

म्हणून त्याला सांगितलं: गाडीला हात लावू नकोस. त्या पैशातून आधी चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या रेसिंग स्कूलमध्ये बेसिक कोर्स कर, त्यांच्याच गाडीत. परत आल्यावरही गाडी बदलावीशी वाटली तर बोलू.

नवीन मशीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच विचारतो. चालवणारा तयार आहे का?

भेटू पुढच्या व्हिडिओत.