बरे वाटणे आणि बरे होणे

हिरव्या मिरचीचा ठेचा जरा जास्त खाल्ला की तोंडाची आग आग होते. डोळ्यांत पाणी येते, आपण तोंडाने वारा घेऊ लागतो. अशा वेळी कोणी तापमापक लावला, तर जीभ भाजण्याइतकी तापलेली मुळीच आढळणार नाही. मग ही आग आली कोठून? मज्जातंतूंच्या टोकांवर एक ग्राहक असतो. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की तो उद्दीपित होतो आणि मेंदूला निरोप जातो. मिरचीतले कॅप्सेसिन नेमके याच ग्राहकाला चिकटते. निरोप तोच, म्हणून मेंदू अर्थही तोच लावतो : भाजले! हा ग्राहक १९९७ मध्ये ओळखून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तेव्हा जग आपल्याला जसे जाणवते ते मेंदूने लावलेल्या अर्थातून जाणवते, ही गोष्ट शास्त्राला पूर्ण मान्य आहे. पण या खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून एक दुसरीच गोष्ट आज शाळाशाळांतून फिरते आहे. परीक्षा जवळ आल्या की व्याख्याते येतात आणि सांगतात, "तुमचे वास्तव तुमच्या मनातून निर्माण होते. मनाची ऊर्जा योग्य दिशेला लावा, हवे ते घडेल." टाळ्या पडतात. माझा आक्षेप या दोन वाक्यांच्या मधल्या उडीला आहे. जाणीव बदलली म्हणजे जाणिवेबाहेरची वस्तूही बदलली काय?

या प्रश्नाचे फार चांगले उत्तर २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बॉस्टन येथील डॉक्टरांनी दम्याच्या ३९ रुग्णांवर चार प्रकार करून पाहिले. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या भेटींत आळीपाळीने चारही प्रकार मिळाले : एकदा साल्ब्युटामॉल या औषधाचा फवारा, एकदा औषध नसलेला पण तसाच दिसणारा फवारा, एकदा सुया टोचल्याचे नुसते नाटक आणि एकदा काहीच नाही. नंतर त्यांना विचारले, किती बरे वाटले? खऱ्या औषधाने सरासरी ५० टक्के, खोट्या फवाऱ्याने ४५ टक्के, सुयांच्या नाटकाने ४६ टक्के, आणि काहीच न करता २१ टक्के. म्हणजे रुग्णांच्या जाणिवेला खरे औषध आणि खोटे औषध यांत जवळजवळ फरकच कळला नाही.

डॉक्टर मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. जोराने फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात छातीतून किती हवा बाहेर पडते, तेही त्यांनी यंत्राने मोजले. खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढली. उरलेल्या तिन्ही प्रकारांत वाढ सुमारे ७ टक्केच होती. खोट्या फवाऱ्याने बरे वाटले, पण श्वासनलिका काही उघडल्या नाहीत.

हे आकडे वहीत उतरवून ठेवावेत असे आहेत. मनाची शक्ती मानणाऱ्याला यात काहीतरी मिळते, कारण विश्वासाने खरोखरच हलके वाटले. ते ढोंग नव्हते. वेदना, मळमळ, थकवा अशा जाणिवांच्या बाबतीत हे वाटणेदेखील मोलाचे असते, आणि धीर देणारा डॉक्टर रुग्णाला हवाहवासा वाटतो तो उगीच नाही. पण दम्याच्या रुग्णाला नुसते बरे वाटणे घातक ठरू शकते. श्वासनलिका आकसलेल्याच आहेत आणि रुग्ण मात्र फवारा घरी विसरून खेळायला गेला आहे, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तुमच्या वर्गात दम्याचा एखादा विद्यार्थी असेलही. त्याला 'मनाने दमा जिंकता येतो' असे कोणी सांगितले, आणि उद्या दमा उसळल्यावर 'तुझेच विचार नकारात्मक होते' असे ऐकवले, तर आजारावर अपराधाचे ओझे आणखी चढते. मला या शिकवणुकीतील सर्वांत निर्दय भाग हाच वाटतो.

आता 'ऊर्जा' या शब्दाकडे वळू. भौतिकशास्त्राने या शब्दाला एकक दिले आहे, जूल. ऊर्जा कोठून आली, कोठे गेली, याचा जमाखर्च द्यावा लागतो. मेंदूचाही तो मांडता येतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के वापरतो. म्हणजे साधारण २० वॉट, घरातल्या दोन एलईडी दिव्यांइतके. ही ऊर्जा भाकरी-भातातूनच येते, आणि शेवटी उष्णता होऊन शरीराबाहेर जाते. मन प्रसन्न आहे, काम करावेसे वाटते, हे सांगायला मराठीत 'हुरूप' आणि 'उमेद' असे सुरेख शब्द असताना जूलला कशाला त्रास द्यायचा?

तरीही मनाची ऊर्जा शोधण्याचा प्रयत्न एका शास्त्रज्ञाने मनापासून केला होता. जर्मनीतील हान्स बर्गर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचले. त्याच दिवशी घरून तार आली. दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला भाऊ संकटात आहे असे एकाएकी वाटले होते. या घटनेने बर्गर झपाटले. ते मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि मेंदूतून काही बाहेर पडते का, हे वर्षानुवर्षे मोजत राहिले. १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत-आलेख मिळवला. पण पाच वर्षे पडताळून पाहिल्यावाचून, म्हणजे १९२९ पर्यंत, तो छापला नाही. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे १० वेळा होणारी विद्युत-आंदोलने त्यांना दिसली. डोळे उघडताच ती मावळत. डोक्याच्या कातडीवर या आंदोलनांचे विद्युतदाब फार तर काही दशक मायक्रोव्होल्ट असतात. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचा पंधरा हजारावा हिस्साही क्वचितच! विचार गावोगाव वाहून नेणारी ऊर्जा काही त्यांना सापडली नाही. पण फेफऱ्याच्या रुग्णांची तपासणी आजही ज्या आलेखाने होते तो मिळाला. हवे होते ते न सापडताही मोजलेले प्रामाणिकपणे छापणारा हा माणूस मला कोणत्याही टाळ्या घेणाऱ्या व्याख्यात्याहून मोठा वाटतो.

असे मोजायला मोठी प्रयोगशाळाच लागते असेही नाही. अमेरिकेत काही परिचारिका रुग्णाच्या अंगाला हात न लावता वरून हात फिरवत आणि 'मानवी ऊर्जाक्षेत्र' हाताला जाणवते असे सांगत. एमिली रोझा या ९ वर्षांच्या मुलीने एक पुठ्ठा उभा केला आणि त्याला तळाशी दोन भोके पाडली. उपचार करणाऱ्याने भोकांतून दोन्ही हात पुढे काढायचे. एमिली नाणे उडवून ठरवी आणि त्यांतल्या एका हातावर, न टेकता, आपला हात धरी. कोणत्या हातावर ऊर्जा जाणवते? २१ उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तरे दिली. त्यांतली १२३ बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसते नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा एमिली ११ वर्षांची होती.

शिक्षकांना विनंती आहे की ऊर्जेचा धडा शिकवताना हा प्रयोग वर्गात करून घ्यावा. पुठ्ठा, कात्री आणि एक रुपयाचे नाणे पुरे. हात फार जवळ नेऊ नये, नाहीतर अंगाची ऊबच जाणवेल. चार बोटांचे अंतर राहू द्यावे. वारा लागू नये म्हणून पंखा बंद करावा. उत्तरे लिहून घेणारा विद्यार्थी वेगळा असावा. आणि दहा वेळांवर थांबू नका. दहांपैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येणे नुसत्या योगायोगानेही अठरा विद्यार्थ्यांमागे एकाच्या बाबतीत घडते. पन्नासांच्या वर्गात असे दोन-तीन 'सिद्धपुरुष' निघतीलच. त्यांना पुन्हा शंभर वेळा बसवा.