बिदागी, मानधन आणि रात्रीची एस. टी.

एखादा गवई गेला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आणि पुढे महिनाभर नियतकालिकांत जे मृत्युलेख येतात, ते आम्ही गेली कित्येक वर्षे नेमाने वाचत आलो आहोत. घराणे, तालीम, गुरुगृही केलेली सेवा, आवाजाची फेक, अनवट रागांचा संग्रह, एखादी अविस्मरणीय मैफल आणि शेवटी पुरस्कारांची यादी, असा त्यांचा साचा ठरलेला असतो. या साच्यात एक गोष्ट सहसा नसते. तो मनुष्य आयुष्यातल्या किती रात्री प्रवासात होता, कोणत्या गाडीने गेला, कुठे उतरला, काय जेवला, आणि तो बाहेरगावी असताना त्याच्या घरी दूधवाल्याचे बिल कोण भागवत होते, याचा त्यात मागमूस नसतो. जणू गायक मैफलीच्या गादीवरच प्रकट होतो आणि भैरवी संपली की तिथेच अंतर्धान पावतो. संगीतविषयक मराठी लेखनातील ही उणीव आम्हांस किरकोळ वाटत नाही. हे मत बनण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. त्यात आमची बाजू भूषणावह नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आम्ही दोघे तालुक्याच्या गावी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. २००९ च्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने शास्त्रीय गायनाची बैठक ठेवावी, असा आग्रह आम्हीच धरला होता. नुकतेच नोकरीला लागलो होतो, उत्साह दांडगा होता. पुण्याहून एक गायक, त्यांच्याबरोबर तबलजी आणि संवादिनीवादक असे तिघे आले. निमंत्रणपत्रिकेवर गायकाचे नाव ठळक टाइपात होते; अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य आणि झाडून साऱ्या समित्यांची नावे होती; साथीदारांच्या नावांना मात्र जागा उरली नव्हती. पत्रिकेचा मजकूर आम्ही लिहिला होता. गायकांची सोय गावातल्या एकुलत्या एक बऱ्या हॉटेलात, साथीदारांची वसतिगृहातल्या एका रिकाम्या खोलीत. बैठक उत्तम झाली. दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावा लागला, तेव्हा गायकांनी विनाध्वनिक्षेपक भैरवी म्हटली आणि सभागृह हेलावून गेले. त्यानंतर ते प्राचार्यांच्या घरी जेवायला गेले.

तबलजींची दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुण्यात शिकवणी होती, म्हणून ते रात्रीच्या एस. टी.ने निघाले. आमच्यापैकी एकाने त्यांना मोटारसायकलवरून स्थानकावर सोडले. एका पिशवीत डग्गा, दुसरीत तीन दाये, कारण गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तर उतरलेल्या पुडीवर हातोडी मारत बसण्यापेक्षा वेगळा तबला बरा. बस तासभर उशिरा होती. थंडी मी म्हणत होती. नुकतीच सत्कारात मिळालेली शाल तरी पांघरा, असे आम्ही सुचवले. ते हसून म्हणाले, "सर, शाली घरी ढिगाने आहेत. पण इतक्या विरळ असतात की रात्रीच्या एस. टी.त एक कामाला येत नाही. पुढच्या वेळी कुणाला बोलावलंत तर सरळ चादर द्या." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "भाडं तुमच्याकडून आहे ना, की बुवा देणार?" आम्हांस ठाऊक नव्हते. एक पाकीट गायकांच्या हाती दिले होते. त्यात कोणाचे किती, तिघांच्या प्रवासाचे काय, हा प्रश्न समितीच्या एकाही बैठकीत कुणी काढला नव्हता. खिशात होते ते पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते शांतपणे घेतले. त्यांनी रागावून काही बोलले असते तर आम्ही आजवर तो प्रसंग विसरलोही असतो.

मराठीच्या अध्यापकांना अपराधी वाटले की ते शब्दकोश उघडतात. आम्हीही तेच केले. कलावंताला द्यायच्या पैशासाठी मराठीत शब्द थोडेथोडके नाहीत. 'बिदागी' हा त्यातला जुना. त्याच्या मुळाशी 'बिदा' म्हणजे निरोप आहे. गुणीजनाने निघावे, आता मैफल संपली, हे सांगताना हाती ठेवायचे ते धन. तमाशात आणि जत्रेच्या कार्यक्रमांत 'सुपारी' चालते. तो शब्द ठराव पक्का झाल्याची खूण आहे (पुढे गुन्हेगारांनी तो पळवला हा भाग वेगळा). नाटकवाले 'नाईट' म्हणतात. हा हिशेब त्यातल्या त्यात रोखठोक, एका प्रयोगाचा इतका. सभ्य संस्थांचा आवडता शब्द मात्र 'मानधन'. संस्कृतात हा समास बहुव्रीही आहे: मान हेच ज्याचे धन आहे, तो. भारवीने तो योद्ध्यांसाठी वापरला आहे. मराठीत येता येता त्याचा विग्रह बदलला आणि मान म्हणून दिलेले धन असा अर्थ रूढ झाला. आम्हांस यात भाषेची एक लबाडी दिसते. मजुरीविषयी घासाघीस करता येते. मानाविषयी कशी करणार? जो ती करील तो मानाला मुकेल. शिवाय या चारही शब्दांत काळाचा एकेक बिंदू तेवढा आहे: ठरवण्याचा, गाण्याचा, निरोपाचा. पुण्याहून आमच्या गावी येण्याचे पाच तास, परतीचे पाच तास, आणि त्या दिवशी बुडालेल्या दोन शिकवण्या यांपैकी कशालाच त्यांत जागा नाही.

किशोरी आमोणकरांविषयी आयोजकांच्या वर्तुळात जे किस्से सांगितले जातात, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. त्या लहरी होत्या, खोलीवरून अडून बसत, श्रोत्यांना फटकारत, मैफल उशिरा सुरू करत, असे हे किस्से. पण मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुरा घेऊन बसणारी मुलगी म्हणून किशोरीताईंनी आईचे दौरे पाहिले होते. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणे, तिथली वागणूक, हातावर टेकवलेले अपुरे पैसे, हे सारे त्यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे. आईच्या वाट्याला आलेली अवहेलना आपण चालवून घ्यायची नाही, हे त्यांनी त्याच वयात ठरवले होते. २०१७ साली त्या गेल्या, तेव्हाच्या लेखांत त्यांच्या 'तऱ्हेवाईकपणा'वर कौतुकमिश्रित परिच्छेद आले. मोगूबाईंच्या त्या रेल्वेप्रवासाचा आणि या तऱ्हेवाईकपणाचा संबंध जोडण्याची तसदी आमच्या वाचनात आलेल्या लेखांपैकी फार थोड्यांनी घेतली. बरी खोली मागणे ही लहर नव्हे. एका पिढीची थकबाकी दुसरी पिढी वसूल करत होती, असे आम्ही म्हणू.

याहून अवघड प्रकरण दंतकथांचे आहे. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची कथा तशीच प्रसिद्ध आहे: भर खेळात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाली, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा फडावर उभी राहिली. आम्ही वर्गात या दोन्ही कथा 'कलानिष्ठा' या शीर्षकाखाली सांगत असू, आणि मुले अवाक होत. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तिने त्या रात्री नाचायला नकार दिला असता तर काय झालं असतं?"

प्रश्न साधा होता आणि तो आम्हांस इतक्या वर्षांत पडला नव्हता. काय झाले असते? गावाने सुपारी दिलेली, पब्लिक जमलेले. खेळ मोडला असता तर पैसे बुडाले असते, आणि तेही तिच्या एकटीचे नव्हे, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, सोंगाड्या, राहुट्या ठोकणारे गडी अशा साऱ्या फडाचे. ढोलकी-फडाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांबरोबर संपतो. पावसाळ्यात खेळ नाही, म्हणून कलावंत फडमालकाकडून 'उचल' घेतात आणि हंगामभर नाचून-वाजवून ती फेडतात. आधी खाल्लेली भाकरी नंतर कमवायची, असा हा उलटा संसार. दुपारी ट्रक गावात पोहोचायचा, खांब रोवायचे, कनात बांधायची, रात्री गण-गौळण-वग, पहाटे सामान बांधून पुढचे गाव. झोप मिळाली तर ट्रकमध्ये. मुले आजी-आजोबांकडे. अशा व्यवस्थेत 'नकार' हा शब्दच उपलब्ध नसतो. विठाबाईंचे धैर्य आम्ही तिळमात्र कमी लेखत नाही. परंतु जिथे रजा नावाची वस्तू अस्तित्वात नाही, तिथे रजा न घेण्याला निष्ठा म्हणणे ही श्रोत्याची सोय आहे. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत. आता त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढच्या वर्षीच्या जत्राही बुडाल्या. ज्यांनी उचल घेतली होती त्यांच्या डोक्यावर ती तशीच राहिली. शहरातले कलावंत निदान पडद्यावरून शिकवण्या घेऊ शकले; आमच्या त्या तबलजींनीही घेतल्या. ढोलकीच्या फडाला तशी काही वाट नव्हती.

आता घराकडे वळू. भीमसेन जोशींना पु. ल. देशपांडे यांनी 'हवाईगंधर्व' म्हटले, आणि ते इतके चपखल होते की अजून टिकून आहे. आज इथे तर उद्या तिथे, मोटार स्वतः हाकत, नाहीतर विमानाने. या नावात कौतुक आहे, वेग आहे, गंमतही आहे. आता त्याच्या शेजारी त्यांचे चिरंजीव राघवेंद्र जोशी यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ठेवून पाहा: 'गाणाऱ्याचं पोर'. पहिल्या संसारातल्या मुलाने लिहिलेले हे पुस्तक. 'गायकाचा मुलगा' नव्हे, 'पंडितजींचे चिरंजीव' तर नव्हेच, 'पोर'. एक शब्द विमानातून खाली पाहणारा, दुसरा उंबऱ्यात बसून वर पाहणारा. दौऱ्यावरच्या कलावंताचे चरित्र या दोन्ही ठिकाणांहून लिहावे लागेल. आजवर आम्ही बव्हंशी पहिल्याच ठिकाणाहून लिहीत आलो.

साथीदाराच्या घरी तर विमानाचाही तोरा नसतो. त्या रात्रीनंतर आमचा त्या तबलजींशी स्नेह जडला, तो आजतागायत आहे. त्यांच्या पत्नी बँकेत नोकरी करतात आणि घराचे हप्ते त्या पगारातून गेले, हे ते कुणालाही मोकळेपणाने सांगतात. डिसेंबर-जानेवारी हे संगीत महोत्सवांचे महिने आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचेही. त्यामुळे मुलीचे एकही नाटुकले त्यांना पाहता आले नाही. ते म्हणतात की जाणे सोपे असते, येणे कठीण. दहा दिवसांनी परत यावे तर घराने त्यांच्याविना चालण्याची सवय करून घेतलेली असते. चहाची वेळ बदललेली असते, गॅसच्या नंबरची आठवण दुसऱ्या कुणाच्या डोक्यात गेलेली असते. ते दुपारी झोपतात म्हणून मुलीच्या मैत्रिणी खालीच खेळतात. पाहुण्यासारखे वागवून घेण्याची सवय फक्त बाहेरगावी लागते असे नाही, हे त्यांचे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही.

प्रवासाची साधने सुधारली, हे खरे. तानपुऱ्याचा भोपळा मांडीवर सांभाळत रेल्वेने जाण्याचे दिवस गेले. आधी विजेवरची पेटी आली, मग तानपुरा भ्रमणध्वनीत जाऊन बसला. पण त्याबरोबर मागे तानपुरा धरणाऱ्या शिष्याची डब्यातली जागाही बऱ्याचदा गेली, आणि गाडीत गुरूच्या गुणगुणण्यातून जे फुकट मिळे तेही गेले. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग झाल्यापासून मुंबईचा कार्यक्रम करून त्याच रात्री परतता येते. म्हणजेच आयोजकाला मुक्कामाची सोय करावी लागत नाही. रात्री दहाच्या नियमामुळे रात्रभराच्या मैफली संपल्या आणि मालकंस-दरबारीची वेळ हुकली, याबद्दल रसिकांनी पुष्कळ लिहिले आहे. साथीदारांना आम्ही विचारले तेव्हा त्यांचे उत्तर वेगळे होते: दहाला संपते म्हणून शेवटची गाडी मिळते. असो.

२०२३ साली महाविद्यालयात पुन्हा बैठक ठरली. या वेळी अंदाजपत्रक आम्ही स्वतः केले: तिघांची नावे, तिघांच्या खोल्या, तिघांचा प्रवासखर्च, आणि प्रत्येकाचे पैसे थेट त्याच्या खात्यात. शालींऐवजी तीन सोलापुरी चादरी घेतल्या. कागद कार्यालयात गेला आणि दुसऱ्या दिवशी लेखनिकांनी बोलावून घेतले. तबलजींच्या खोलीचा खर्च 'सत्कार' या शीर्षाखाली घालायचा की 'मंडप व ध्वनिक्षेपक' या, अशी त्यांची अडचण होती. आम्ही म्हटले, 'कलाकार' या शीर्षाखाली घाला. "कलाकार एकच असतो ना सर," ते म्हणाले, आणि पूर्वीचा दाखला म्हणून त्यांनी फाईल पुढे केली. तीत २००९ ची, आम्ही मजकूर लिहिलेली निमंत्रणपत्रिका टाचलेली होती.