लक्ष्मीपूजनाच्या तबकातील खोटे नाणे

आश्विनातील अमावास्येची तिन्हीसांज होते, घरोघरी चौरंग मांडला जातो, त्यावर अक्षतांचे अष्टदल रेखले जाते आणि तबकात पूजेची नाणी येतात. चांदीचे राणीछाप रुपये, आजेसासूबाईंनी जपून ठेवलेली एखादी शिवराई, वडिलांच्या पहिल्या कमाईतला एखादा बंदा रुपया. अलीकडे मात्र कित्येक घरांतील तबकात एका निराळ्याच नाण्याची भर पडलेली दिसते. एका बाजूस श्रीरामपंचायतन किंवा मारुतिराया, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘एक आणा’ हे मोल आणि १८१८ हे साल. या नाण्याविषयी आज चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मागे एका नवरात्रात आमचे कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली पदराची गाठ सोडून असेच नाणे घेऊन पुढे आली. हे नाणे तांदळाचे दाणे ओढते, घरात लक्ष्मी स्थिर करते, असे सांगून एका फिरत्या विक्रेत्याने नातीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम तिच्याकडून नेली होती. “बुवा, खरे आहे ना हो हे?” एवढेच तिने विचारले. ते खरे नव्हते. तसे सांगताना आमची जीभ जड झाली. तिच्यासोबत आलेला मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, “मग बुवा, दुसऱ्या कुणाला देऊन आमचे पैसे सोडवून घेतले तर?” या प्रश्नाचे उत्तर पुढे येईल. आधी ते नाणे खोटे कसे, हे पाहू.

१८१८ हे पेशवाई बुडाल्याचे साल. त्या काळी कंपनीच्या प्रत्येक इलाख्याची नाणी निरनिराळी असत. सर्वत्र एकसारखी नाणी सुरू झाली ती १८३५ साली, आणि त्या वर्षाच्या रुपयावर विल्यम राजाचा मुखवटा होता. एक आण्याचे निकेलमिश्रित नाणे ब्रिटिश सरकारने १९०७ साली काढले. तोवर कंपनीचे राज्य जाऊन जवळजवळ पन्नास वर्षे लोटली होती. तांदूळ ओढण्याचा गुण तर तांब्यातही नाही आणि पितळेतही नाही. दाण्यांत लोखंडाचा कीस भरून व चुंबक दडवून हा खेळ केला जातो.

यावरून देवतेची मूर्ती असलेले प्रत्येक नाणे खोटे, असे मात्र कोणी समजू नये. विजयनगरच्या सुवर्णवराहांवर उमामहेश्वर आहेत, लक्ष्मीनारायण आहेत, कृष्णदेवरायाच्या वराहावर बाळकृष्ण आहे. कंपनीनेही मद्रासेत श्रीदेवी-भूदेवींसह विष्णूची मूर्ती असलेले होन पाडले, कारण तिकडच्या बाजारात तसेच नाणे चाले. अकबराने आपल्या राज्याच्या अखेरीस काढलेल्या एका नाण्यावर धनुर्धारी राम आणि सीता असून नागरी लिपीत त्यांची नावेही आहेत. खरी नाणी आपली साक्ष आपणच देतात. त्यांना तांदूळ ओढावे लागत नाहीत.

पाणिनीने ‘रूप्य’ शब्द सिद्ध करताना ‘आहत’, म्हणजे ठोकून उमटविलेले रूप, हा अर्थ सांगितला आहे. आपला रुपया याच शब्दाचा वंशज. परीक्षेची किल्लीही याच शब्दात आहे. जुने नाणे बहुधा दोन ठशांमध्ये घण घालून पाडलेले असते. त्याची अक्षरे कडक उठतात, कडेला क्वचित चीर जाते, आणि ठसा मोठा व धातूचा तुकडा लहान असल्यामुळे लेखाचा काही भाग बाहेर राहतो. नकली नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. त्याच्या कडेभोवती सांध्याची रेघ दिसते, अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात, आणि अक्षरे मेणासारखी बोथट असतात. खऱ्या ताम्रनाण्यावरचे जंगाल धातूशी एकजीव झालेले असते. रसायनाने चढविलेला हिरवा रंग नखाने निघतो. म्हणून घरातील जुनी नाणी पूजेसाठी चिंचेने घासून लखलखीत करू नयेत. त्यांच्या वयाचा पुरावा त्यामुळे पुसला जातो.

शिवछत्रपतींच्या सुवर्णहोनाच्या नकला तर आज ढिगांनी मिळतात. १६७४ च्या राज्याभिषेकाचे स्मरण देणारा खरा होन अत्यंत दुर्मीळ आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे पाहून भाविक हरखतो. परंतु अक्षरे कोणासही कोरता येतात. त्याच आकाराचे पितळ सोन्याच्या निम्म्याहून कमी वजनाचे भरते. तेव्हा आधी तराजू, मग कसोटी, मग जाणकाराचा डोळा, असा क्रम ठेवावा.

कोणी म्हणेल, देवाच्या मूर्तीची परीक्षा कसली करता? आमचे उत्तर असे की परीक्षा मूर्तीची नव्हे, विकणाऱ्याच्या शब्दाची करावयाची आहे, आणि ती करणे हाच धर्म होय. याज्ञवल्क्य स्मृतीत खऱ्यास खोटे आणि खोट्यास खरे म्हणणाऱ्या नाणेपारख्यास सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. कौटिल्याने तर खोटे नाणे करणारा, घेणारा व पुढे चालविणारा या तिघांनाही सहस्र पणांचा एकच दंड ठरविला आहे, आणि राजकोशात ते टाकणाऱ्यास देहदंड. फसलेला मनुष्य दोषी नव्हे. पण जाणूनबुजून ते दुसऱ्याच्या हाती देणारा, किंवा ‘देवाला काय कळते’ म्हणून मंदिराच्या दानपेटीत सोडणारा, फसविणाऱ्याच्याच पंक्तीला बसतो.

त्या मुलास आम्ही हेच सांगितले. नाणे म्हणून ते कोणास देऊ नका. विकणाऱ्याची तक्रार पोलिसांत करा. तक्रार निकाली निघून नाणे परत आले, तर देवघरातील टाकांशेजारी रामाची प्रतिमा म्हणून खुशाल ठेवा. टाक कालच्या सोनाराने घडविला म्हणून त्यावरील खंडोबा काही कमी होत नाही. प्रतिमा नवी असण्यात पाप नाही. नव्यास जुने म्हणून विकण्यात आहे. माउलीने डोळे पुसले आणि नाणे पुन्हा पदरात बांधले. तिचे पैसे परत आले की नाही, हे आम्हांस कळले नाही. परंतु तिच्या घरातून ते नाणे दुसऱ्या कोणाच्या घरी गेले नाही, असा निरोप मात्र पुढच्या वर्षी आला.

वाचकहो, आज तबकात नाणे ठेवताना ते कष्टाचे आहे की नाही एवढे पाहावे. चालू बाजारातला एक रुपयाही घामाचा असेल, तर श्रीलक्ष्मीस तो पुरेसा आहे.