विश्लेषण : संकेतस्थळाच्या दारावर गर्दी झाली की अडतो कोण?

अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण राज्यात लागू झाली. त्याआधी ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या क्षेत्रांपुरती होती. २१ मे रोजी नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालालाही विद्यार्थी तासन् तास ताटकळले होते. अशा वेळी ‘सर्व्हर वाढवा’ अशी मागणी होते. ती रास्त आहे, पण अपुरी. सर्व्हरच्या दारावरचे फिल्टर कसे लावले आहेत, यावरही बरेच अवलंबून असते.

फिल्टर नेमके काय करतात?

मोबाइलवर बटण दाबले की सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट जाते. मुख्य प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधी ती एकामागून एक फिल्टरमधून जाते. एक फिल्टर रिक्वेस्ट किती वेळा आली ते मोजतो, दुसरा कॅप्चा तपासतो, तिसरा लॉगिन. यात क्रम महत्त्वाचा. झटपट होणारी तपासणी आधी आणि डेटाबेसला हात लावणारी नंतर हवी. क्रम उलटा लागला तर बॉटची प्रत्येक खोटी रिक्वेस्टही डेटाबेसला दमवते. सगळ्यांना पंगतीत बसवून मग आमंत्रण विचारण्यासारखेच ते.

एका पत्त्यामागे किती माणसे?

मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण खुले झाले, तेव्हा कोडिंग येणारी मंडळी ‘कोविन’वर स्क्रिप्ट चालवून स्लॉट शोधत होती. ग्रामीण केंद्रांवरच्या जागा शहरातील तरुण पटकावत असल्याच्या तक्रारी होत्या. ‘कोविन’च्या सार्वजनिक एपीआयवर एका आयपी पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० रिक्वेस्टची मर्यादा होती. अशी मर्यादा आवश्यकच. पण ती पत्ता मोजते, माणूस नव्हे.

खरी मेख इथे आहे. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. पिंप्राळ्यातील एखाद्या सायबर कॅफेत दहा मुले अर्ज भरत असतील, तर सर्व्हरला तो एकच, फार घाई करणारा ग्राहक दिसतो. घरी स्वतंत्र ब्रॉडबँड असलेल्याला ही मर्यादा सहसा जाणवतही नाही. बॉट चालवणारा तर भाड्याने हवे तितके पत्ते घेतो. म्हणजे आकडा आंधळेपणाने लावला की ज्याच्यासाठी तो लावला तो निसटतो आणि कॅफेतला विद्यार्थी सापडतो.

याहून मोठी चूकही होऊ शकते. मोठ्या संकेतस्थळांपुढे लोड बॅलन्सर असतो. मूळ पत्ता तो ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमधून पुढे पाठवतो. फिल्टरला हे सांगितलेच नाही, तर प्रत्येक रिक्वेस्ट बॅलन्सरकडूनच आली असे दिसते आणि अख्खा महाराष्ट्र एकच माणूस ठरतो. उलट, कुणीही पाठवलेल्या हेडरवर डोळे झाकून विश्वास ठेवला, तर बॉट दर वेळी नवा खोटा पत्ता लिहून आत शिरतो. विश्वास फक्त आपल्या बॅलन्सरने लिहिलेल्या नोंदीवर हवा.

मग मोजायचे काय?

लॉगिन झाल्यावर खात्यानुसार मोजणे अधिक न्याय्य. पत्त्याची मर्यादा सैल ठेवून फक्त लॉगिनआधी वापरावी. रेल्वेने १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटांसाठी आधार पडताळणी सक्तीची केली, ती याच दिशेने. अर्थात तिथे ओळख द्यावी लागते, आणि ही किंमत प्रत्येक सेवेसाठी मोजावी असे नाही.

अडवलेल्याला काय दिसते, हेही फिल्टरमध्येच ठरते. ‘फार रिक्वेस्ट आल्या’ हे सांगणारा ४२९ हा कोड २०१२ पासून प्रमाणित आहे. किती सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करावा, हेही त्यासोबत कळवता येते. मराठीत ‘दोन मिनिटे थांबा, भरलेला अर्ज जतन आहे’ एवढे पडद्यावर आले तरी विद्यार्थी थांबतो. कोरे पान दिसले की तो रिफ्रेश दाबत राहतो, आणि तो प्रत्येक रिफ्रेश त्याच्याच पत्त्याच्या खात्यात मोजला जातो.