श्वास घ्यायचा नव्हे, सोडायचा सराव

दोन जिने चढले की धाप लागते. आंघोळ करून आल्यावर पाच मिनिटे पलंगावर टेकावे लागते. घरातली माणसे म्हणतात, ‘वय झाले, आता असे व्हायचेच.’ पण ही धाप नेहमीच वयाची नसते. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्यांना फुप्फुसांचा जुनाट विकार जडू शकतो. डॉक्टर त्याला ‘सीओपीडी’ म्हणतात. आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या गृहिणींनाही तो होतो.

हवा पुरत नाही असे वाटून रुग्ण भराभर श्वास घेऊ लागतो. खरी अडचण मात्र उलटी असते. या विकारात श्वास सोडताना बारीक श्वासनळ्या लवकर मिटतात आणि जुनी हवा आतच अडकते. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी कसे मावणार? म्हणून आधी शिकायचे ते श्वास सावकाश आणि पुरता सोडायला.

ओठांचा चंबू

खुर्चीत आरामात बसा. मान व खांदे सैल सोडा. तोंड मिटून नाकाने हळूच श्वास घ्या व मनात ‘एक, दोन’ मोजा. मग शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करा. बशीतला चहा निववण्यासाठी घालतो तशी हलकी फुंकर घालत ‘एक, दोन, तीन, चार’ मोजेपर्यंत श्वास सोडा. जोर लावू नका, गाल फुगवू नका. चंबूमुळे हवेला किंचित अटकाव होतो, त्या दाबाने नळ्या अधिक वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

दिवसातून तीन-चार वेळा, काही मिनिटे सराव करा. चक्कर आल्यास थांबा.

कामाशी सांगड

वाकणे, उचलणे, चढणे या श्रमाच्या क्षणी श्वास सोडायचा. पायरीपुढे उभे राहून श्वास घ्या आणि फुंकर घालत एक-दोन पायऱ्या चढा. बादली उचलतानाही हाच नियम. श्वास रोखून काम करू नये.

एकाएकी धाप लागली तर आडवे होऊ नका. बसून थोडे पुढे झुका, कोपरे मांडीवर टेकवा आणि चंबूने श्वास सोडत राहा. उभे असाल तर कट्ट्याचा किंवा भिंतीचा आधार घ्या.

हे लक्षात ठेवा

कपालभाती, भस्त्रिका यांसारखे झटक्याचे प्रकार आणि श्वास रोखून धरणारा कुंभक डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. जोराने हवा बाहेर फेकली की नळ्या आणखी मिटतात. पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम काहींना मानवतो. पण आजार बळावलेल्या रुग्णाला त्याने अधिकच धाप लागू शकते. तसे झाल्यास तो सोडून द्यावा.

या व्यायामाने खराब झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. इनहेलर आणि औषधे आपल्या मनाने बंद करू नका. विडी-सिगारेट सोडणे आणि घरातला धूर टाळणे याला पर्याय नाही. मच्छर अगरबत्तीचा धूरही त्यातच आला. आजाराची खात्री फुंकून करायच्या ‘स्पायरोमेट्री’ तपासणीने होते. कफ पिवळा-हिरवा झाला किंवा पायांवर सूज आली तर लवकर डॉक्टरांना दाखवा. ओठ निळसर पडले, रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

धापेच्या भीतीने माणूस चालणे-फिरणे सोडतो. त्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या श्रमानेही जास्त धाप लागते. हे चक्र तोडायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालायला हवे. फुंकरीचा उपयोग इथेच होतो. मात्र ती शिकायची बरे वाटत असताना. ऐन धापेत नवे काही सुचत नाही, अंगवळणी पडलेलेच कामी येते.